न धुतलेला सदरा

लेक सुटीवर आली की अन्नपूर्णाबाई आधी तिची पेटी उपसायची. डोळे भरून बघायचं ते मागाहून. आधी कपडे हौदावर. लेकराची खुशाली तोंड सांगत नाही, मळकी कॉलर सांगते, अशी तिची समजूत होती. कुठं घामाची पांढरी रेघ, कुठं वरणाचा डाग, कुठं उसवलेली शिवण. तेवढ्यावरून ती चार महिन्यांची कहाणी वाचून काढायची. अक्षराची वाट तिला कधी सापडली नव्हती, पण कपडा मात्र तिला पोथीसारखा वाचता येई.

पूर्णेकाठची टाकळी. दसरा होऊन चार दिवस झाले होते आणि काळ्या वावरात कपाशीचं बोंड न् बोंड पांढरं हसायला लागलं होतं. दोन दिवसांवर सीतादही आलं होतं. पहिल्या वेचणीच्या आधी वावरातल्या एका झाडाला सीतामाय मानायचं, दहीभात दाखवायचा, गाणी म्हणायची आणि मगच कापसाला हात लावायचा, ही इथल्या बायांची जुनी रीत. तेवढ्यासाठी म्हणून संजीवनी सुटी काढून आली, असं अन्नपूर्णाबाईनं शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं.

संजीवनी लष्करी पोलिसात होती. लाल टोपी, कडक इस्त्री, पालापाचोळ्याच्या नक्षीची वर्दी. टाकळीतून फौजेत गेलेली पहिलीच पोर. बाप विहिरीच्या कामावर दगावला तेव्हा ती चौथीत होती. पुढं मामानं, महादेवरावानं, तिला वाढवलं म्हणा की पळवलं म्हणा. तो फौजेतून हवालदार होऊन परतलेला. पहाटेच शेगावच्या रस्त्यावर तिला पळायला लावायचा अन् आपण सायकलवरून घड्याळ धरून ओरडायचा, "पाय उचल बे! म्हशीबी तुह्या पुढं निंघाल्या!"

तर त्या दुपारी अन्नपूर्णाबाईनं हौदावर वर्दी मोजली. तीन विजारी. सदरे दोनच. तिनं पेटी पुन्हा झटकली.

"संजू! वं संजू! सदरा एक कमी हाये वं!"

संजीवनी लिंबाखाली बसून केस विंचरत होती. "जमा केला, माय."

"जमा? फाटला का?"

"एक बटन तुटलं होतं."

"बटनापायी सदरा जमा करते का कोनी? एवढी मोठी फौज अन् एक सुई-दोरा नाई?"

संजीवनी हसली नाही. एरवी अशा बोलण्यावर ती लोळायची. फणी मांडीवर ठेवून ती म्हणाली, "तो सदरा धुवायचा नव्हता, माय."

अन्नपूर्णाबाईच्या हातातला साबण निसटून हौदात गेला. ती काढायला वाकली नाही. बाईच्या जातीला काही गोष्टी कानाच्या आधी पोटाला ऐकू येतात.

मग संजीवनीनं सांगितलं. गोदामात सामानाची मोजणी होती. तो मोठा साहेब वगैरे नव्हता, रोजचाच होता, तिच्याहून दोन पायऱ्या वर, ज्याला ती दिवसातून चारदा सलाम करायची. त्यानं दार लावलं. पुढचं तिनं सांगितलं नाही आणि आईनं विचारलं नाही. हौदात साबण एकटाच विरघळत राहिला.

"मी पळत न्हाणीघरात गेले," संजीवनी म्हणाली. "नळ सोडला. पानी हातावर पडलं. असं वाटे, सारं अंग सोलून काढावं. अन् मंग आठवलं. ट्रेनिंगमंधी एक डॉक्टरीनबाई आल्या होत्या. फौजेतल्याच. त्यायनं सांगतलं होतं, अशा वक्ताले बाईले पयली आंघोळ सुचते. पोरींनो, आंघोळ करू नका. कपडे धुऊ नका. पयले दवाखाना गाठा. ज्या कपड्याची तुमाले किळस येईन, तोच तुमच्यासाठी बोलन."

"मंग?"

"मंग नळ बंद केला."

एवढंच म्हणाली. नळ बंद केला. अन्नपूर्णाबाई तिच्या हाताकडे पाहत राहिली. हाच तो हात. लहानपणी या हाताला मधमाशी चावली होती, तर पोरीनं गाव डोक्यावर घेतलं होतं. त्या हातानं, सारं अंग पाण्यासाठी आक्रोश करत असताना, नळ बंद केला! आपण असतो तर काय केलं असतं? अन्नपूर्णाबाईला उत्तर ठाऊक होतं. आपण घासून घासून कातडं काढलं असतं, लुगडं चुलीत घातलं असतं आणि तोंड शिवून दुसऱ्या दिवशी निंदणाला गेलो असतो.

"एकटीच गेली दवाखान्यात?"

"नाजिश होती. नांदुऱ्याच्या वाहेद पिंजाऱ्याची. मागच्या साली आली होती ना आपल्या घरी, ठेचा खाऊन रडली होती, तीच. तिनं मह्याभवती चादर गुंडाळली अन् भर मैदानातून नेलं मले. म्हने, मांगच्या दारानं काऊन जाऊ आपन? चोरी केली का?"

अन्नपूर्णाबाईनं ते दोन सदरे तीन तीनदा खंगाळले. वाळत घातले. वाऱ्यानं बाह्या हलल्या की तिला वाटे, तिसरा कुठंतरी बंद पाकिटात गुदमरत असेल.

दिवेलागणीला महादेवराव आला. चपला नीट जोडून ठेवणारा माणूस, आज एक इकडे एक तिकडे. चहा पुढं आला तरी त्यानं कप उचलला नाही.

"मले फोन आला होता," तो म्हणाला. "जुना वळखीचा. तुह्याच छावनीतला."

"मंग कळलंच असन तुमाले," संजीवनी म्हणाली.

"सोमवारी चौकशी हाये?"

"हाव."

महादेवरावानं मिशीवरून हात फिरवला. माणूस वाईट नव्हता. उलट त्याचं दुखत होतं, म्हणूनच तो असं बोलत होता. "हे पाय, बाई. सतरा वर्सं खाल्लं मी फौजेचं मीठ. फौज म्हंजे घर असते. घरातलं भांडं फुटलं त आवाज बाहेर जाऊ देत नाई आपन."

"भांडं म्हनता होय मले, मामा?"

"शब्दात नको पकडू. मी सांगून राह्यलो ते समज. ताप आला म्हनून कळवून दे. तारीख जाते. दुसरी भेटते, तेबी जाते. तारखा गेल्या का मानूस थकते, कागदबी थकते. त्याची बदली होईन, तुही नौकरी राहीन. उद्या लग्नाच्या गोष्टी चालतीन, तवा लोक काय इचारतीन? रस्त्यावर पळवलं मी तुले, ते यासाठी?"

शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज चिरकला.

अन्नपूर्णाबाई दोघांच्या मध्ये उकिडवी बसली होती. दुपारपासून तिच्या छातीत लेकीच्या त्या हाताचं कौतुक नुसतं उसळत होतं, पण भीती त्याच्याहून जुनी, घरची मालकीण. ती म्हणाली, "दादा सांगते ते बराबर हाये, संजू. आठ दिस ऱ्हाय. ताप काय, सांगतला का आला."

संजीवनीनं मामाचा कप त्याच्याजवळ सरकवला. मग कोपऱ्यातल्या कापसाच्या झोळ्यांकडे बघत तिनं विचारलं, "माय, बोंडअळीचं साल आठवते?"

आठवत नाही असं घर टाकळीत नव्हतं.

तेव्हा साऱ्या वावरांत बीटीच होतं. थैलीवर लिहिलेलं, दुकानदारानं सांगितलेलं, चावडीवर घोकलेलं : या बियाण्याला बोंडअळी लागत नाही. पोळ्याच्या सुमाराला अन्नपूर्णाबाईला झाडावर एक वेगळंच फूल दिसलं. पाकळ्या उमललेल्या नाहीत, टोकाशी एकमेकींना शिवल्यासारख्या मिटलेल्या, जणू इवली गुलाबाची कळी. डोंबकळी. दिसायला कशी देखणी! तिनं पाकळी सोडवली, तर आत तांदळाच्या दाण्याएवढी गुलाबी अळी.

ती फुलं तिथंच खुडून अळीसकट चुरडायची असतात आणि साऱ्या शिवाराला हाक द्यायची असते. अन्नपूर्णाबाईनं ती पदराच्या गाठीत बांधली. ज्याला अळी लागत नाही त्याला आपल्याच वावरात लागली, म्हणजे आपलंच काही चुकलं असणार. बाया काय म्हणतील? दुसऱ्या दिवशी आणखी दहा फुलं दिसली. तीही गाठीत. सोळा वर्षांची संजू मागून चालत होती. म्हणाली, "माय, सांग ना साऱ्यायले." तिला एक चपराक मिळाली होती.

दिवाळीला बोंडं फुटली ती पिवळी, किडकी, कवडी झालेली. मग पारावर एकेकाचं तोंड उघडलं. मला वाटलं माझ्याच वावरात. मला वाटलं माझ्याच. घरोघरच्या पदरात डोंबकळी होती, आणि गाठ कोणीच सोडली नव्हती.

"तवा तू मले थापड मारली होती," संजीवनी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आता बी मारते का?"

अन्नपूर्णाबाईनं उजवा हात पदराखाली घेतला.

"मामा, त्या गोदामाले कडी हाये. त्याले ती न पाहता लावता आली. हाताले सवय होती त्याच्या." ती थांबली. "मह्या आंधी कोन्ही तरी हाये. पदरात गाठ बांधून बसलेली."

महादेवराव उठला. चहावर साय धरली होती. दारात त्याला आपली एक चप्पल सापडेना. ती शोधून देत संजीवनी म्हणाली, "पाय उचला, मामा." त्यानं ती पायात सरकवली आणि निघून गेला.

सीतादहीच्या सकाळी दव इतकं होतं की पराटीच्या, कपाशीच्या झाडांच्या, रांगांतून जाताना बायांची लुगडी गुडघ्यापर्यंत भिजली. वावराच्या मध्यात एक डेरेदार झाड निवडलं. त्याच्या बुडाशी पाच खडे मांडले, हळद-कुंकू वाहिलं, दहीभात ठेवला, ज्वारीच्या घुगऱ्यांचं टोपलं शेजारी. पहिल्या बोंडाचा कापूस ओढून त्याचा लांब धागा वळला आणि झाडाला गुंडाळला. म्हातारी कौशल्याबाई साऱ्यांच्या पुढं. तिचा गळा फाटका, पण गाणं तिच्याकडून सुरू झाल्याशिवाय गावात कापूस निघत नसे.

सीता चालली वनाले, मागं वळून पाहीना
गाव सारं उभं दारी, कोन्ही बोलाले येईना

बायांनी ओळ झेलली. दरवर्षी अन्नपूर्णाबाईही झेलायची. आज तिच्याकडून ओळ खाली पडली. गाव सारं उभं दारी. तिला पार दिसला, गाठी दिसल्या, आपलीच थापड दिसली. रात्रभर तिनं जे घोळवलं होतं ते ओठांवर आलं. सांगून टाकावं. यावेळी तरी साऱ्यायले सांगून टाकावं. ती उठली, पदर खोचला, "ऐका वं बाया..." म्हणाली आणि श्वास घेतला.

मनगटावर हात आला. संजीवनीचा.

"माय," ती कानाशी म्हणाली, "ते मव्हं हाये."

"तूच म्हनली ना, गाठ सोड म्हनून?"

"मही गाठ मीच सोडीन. ज्याले सांगाचं, जवा सांगाचं, ते मी ठरवीन. त्यानं मले इचारलं नोतं, माय. तू त इचार."

अन्नपूर्णाबाई उभीच राहिली. बाविशीची पोर. काल परवापर्यंत हिच्या वेणीत रिबीन बांधली आपण. लपवणं वेगळं आणि आपलं आपल्या मुठीत ठेवणं वेगळं, हे हिला कोणत्या शाळेत शिकवलं? दव चमकत होतं, पांढऱ्या बोंडांमधून ऊन वर चढत होतं, आणि अन्नपूर्णाबाईला वाटलं की खडे मांडलेल्या झाडाशी आपण उगीच बसलो; सीतामाय तर आपल्या मनगटाला धरून शेजारी उभी आहे.

"काय सांगते वं, अन्पूर्णे?" कौशल्याबाई खेकसली. "सांग न लवकर, दही आंबून राह्यलं."

बाया हसल्या. अन्नपूर्णाबाईनं श्वास सोडला, आणि सांगण्याऐवजी ती गायली. ओळ एकदाही तुटली नाही.

सीतामाय बोलू लागे, रान उभं गं ऐकते
खऱ्या बोलाच्या वाटेनं माय संगती चालते

"हे कुठली वं?" कौशल्याबाईनं डोळे बारीक केले. "मह्या सासूच्या गान्यात नोती हे."

"आत्ताच उगवली," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "अन् ऐका. मी उद्या लेकीसंगं जाऊन राह्यली. शेगावले."

"शेगावले त आमीबी जातो. त्यात काय गानं?"

"शेगावच्या पुढं."

तिनं आयुष्यात शेगावच्या पुढचं स्टेशन पाहिलेलं नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. कौशल्याबाईनं संजीवनीकडे एकदा पाहिलं, अन्नपूर्णाबाईकडे एकदा पाहिलं, आणि घुगऱ्यांचं अर्धं टोपलं फडक्यात बांधून तिच्या हातात दिलं. "तुह्या वाट्याच्या ओळी आमी येचू. वाटेनं उपाशी नको राहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात जीप उभी होती. महादेवराव आत बसलेला, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. तो रस्ताभर जीप जोरात हाकत राहिला. ज्या वळणावर तो घड्याळ धरून ओरडायचा, तिथं मात्र त्यानं जीप जराशी हळू केली.

शेगावच्या फलाटावर नाजिश भेटली. लाल टोपी, खांद्याला पिशवी. नांदुऱ्याहून सकाळीच आली होती. तीही सोमवारी बोलणार होती. "सलाम, मावशी. ठेचा नाई ना आनला?"

महादेवराव तिच्यापुढं उभा राहिला. म्हणाला, "तू राहशीन ना संगं?"

"मामा," नाजिश म्हणाली, "आमाले शिकवलंच ते हाये. जिच्यासंगं असं घडलं तिले एकटं सोडाचं नाई. मी त नौकरीबी करून राह्यली अन् दोस्तीबी."

गाडी आली. संजीवनी पाया पडायला वाकली, तर महादेवरावानं तिला मध्येच धरलं. मग एक पाऊल मागं सरून, टाचा जुळवून, त्यानं तिला सलाम ठोकला. हवालदारानं, शिपाई पोरीला. फलाटावरचा चहावाला केटली धरून बघत राहिला.

छावणी दूर होती, उत्तरेकडे. दोन दिवस लागले. खिडकीबाहेरची कपाशी संपली, ऊस आला, मग अन्नपूर्णाबाईला नावं ठाऊक नसलेली पिकं आली. तिला भीती वाटायला हवी होती. पण तिच्याशेजारी दोन पोरी शेंगा सोलत बसल्या होत्या, एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या, आणि जगाएवढी मोठी गाडी जणू त्यांच्याच मर्जीनं पळत होती.

सोमवारी सकाळी लांबच लांब व्हरांड्यात तिला बसवलं. पांढऱ्या चुन्याच्या कडा, झाडलेली वाट, भिंतीशी एक लाकडी बाक. समोर दार. केस पिकलेली एक अधिकारीबाई बाहेर आली. तीच चौकशीची प्रमुख. खाली वाकून हिंदीत म्हणाली, की माँजी, आत तुम्हाला बसता येणार नाही, पण इथून तुम्हाला कोणी उठवणारही नाही. पाणी मागवलं. अन्नपूर्णाबाईला अर्धं कळलं, तेवढं पुरलं.

संजीवनीनं टोपी सरळ केली. टाकळीच्या हौदावर धुतलेला सदरा तिच्या अंगावर होता. आईकडं बघून ती हसली, ठेचा बघून नाजिश हसते तसं थोडं घाबरत, आणि आत गेली.

बाकावर आणखी दोन मुली होत्या. एक सावळी, दक्षिणेकडची असावी. दुसरी डोंगराकडची, गाल फुटलेले. दोघी वर्दीत, दोघींचे हात मांडीवर घट्ट.

"ह्या कोन वं?" अन्नपूर्णाबाईनं नाजिशला हळूच विचारलं.

नाजिशनं आवाज खाली आणला. "काल आल्या. दोन वर्सांआंधी इथंच होत्या, त्याच गोदामावर. चौकशी लागली हे त्यायले कळलं. कालपासून एकच इचारून राह्यल्या, संजीवनी येनार का? ती आली तरच बोलू."

ताप आला म्हणून कळवून दे. अन्नपूर्णाबाईच्या कानात तिचा स्वतःचाच आवाज वाजला. आठ दिस ऱ्हाय. तसं झालं असतं तर या दोघी रिकाम्या दारापुढून आल्या पावली परत गेल्या असत्या, पदराची गाठ आणखी आवळून.

तिनं त्यांची नावं विचारली नाहीत. ते त्यांचं होतं. फडकं सोडून तिनं मधोमध घुगऱ्या ठेवल्या, निघताना टिकाव्या म्हणून तव्यावर कोरड्या परतून घेतलेल्या. सावळ्या मुलीनं चार दाणे उचलले. डोंगराकडच्या मुलीनं मूठभर घेतल्या, तोंडात टाकल्या, आणि चावता चावताच तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. अन्नपूर्णाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

आतून संजीवनीचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, नुसती लय कळत होती. दळताना जात्याची असते तशी, एकसारखी, जड, न थांबणारी. मध्ये एकदा थांबली. मग जातं पुन्हा फिरू लागलं.

तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाकडून एक शिपाई आला. दोन्ही हातांवर मोहोरबंद, आरपार दिसणारं पाकीट, त्यावर चिठ्ठी, आणि चिठ्ठीखाली पालापाचोळ्याच्या नक्षीचा एक कोपरा. अन्नपूर्णाबाईनं तो लगेच ओळखला. या पोरीचं पहिलं लंगोट तिनं धुतलं होतं, शाळेचा निळा फ्रॉक, पळतानाचे घामेजले कपडे, सारं काही याच हातांनी. तेवढा एक सदरा राहिला होता. लेकीनं पाण्यापासून वाचवून ठेवलेला.

तिचे हात शिवशिवले. मग ते आपोआप शांत झाले.

आरती सुरू झाली की देवळात माणसं उठतात, तशी ती बाकावरून उठून उभी राहिली. तिच्या एका बाजूला सावळी मुलगी उठली, दुसऱ्या बाजूला डोंगराकडची. पाकीट त्यांच्यासमोरून आत गेलं. दार त्याच्यामागे लागलं नाही. आतलं जातं दळण संपवून थांबलं. अधिकारीबाई उंबऱ्यात आली आणि तिनं बाकाकडं पाहून विचारलं,

"पुढचं कोण?"

दोघींपैकी एकीनं पाऊल उचललं.